विशेष सापेक्षतेची उदाहरणे : सूत्र आणि संदर्भचौकट

म्युऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, वेग प्रकाशवेगाच्या ०.९८ पट. अंतर किती? थेट गुणाकाराने सुमारे ६५० मीटर, तर कालविस्फारणाच्या सूत्राने सुमारे ३.२५ किलोमीटर येते. पहिले अंतर म्युऑनच्या संदर्भचौकटीतील, दुसरे पृथ्वीच्या. गतिमान कणाचे आयुष्य दीर्घ भासेल, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच नमूद केले होते. मात्र केवळ सूत्रात किमती भरण्याच्या अध्यापनपद्धतीत ‘घड्याळ कोणाचे?’ हा मूलभूत प्रश्नच उपस्थित होत नाही. जव्हार-मोखाडा परिसरात दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावी विज्ञान शाखेत इंग्रजीला सामोऱ्या जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्यामुळे उत्तर येते, अर्थ येत नाही. म्हणून उदाहरण सोडविण्यापूर्वी निरीक्षक कोण, हे त्याच्याकडून मराठीतून लिहवून घेणे आवश्यक आहे.