मेणवलीचा वाडा : वास्तू, नदी आणि दप्तर – एक चिकित्सा

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी असलेला मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा हा उत्तर मराठेशाहीतील सरदारी निवासाचा एक महत्त्वाचा नमुना होय. सहा चौक, भित्तिचित्रे, मागील बाजूचा घाट आणि घाटावरील देवालये यांमुळे अभ्यासक व पर्यटक या दोघांनाही तो परिचित आहे. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाल्यापासून त्याची प्रसिद्धी आणखी वाढली. तथापि प्रसिद्धी वाढली म्हणून आकलन वाढले, असे म्हणता येत नाही. मेणवलीविषयीचे बहुतेक लेखन नानांच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणून तरी होते किंवा प्रेक्षणीय स्थळाचे वर्णन म्हणून तरी. या दोन्ही पद्धतींत वास्तूचा स्वतःचा इतिहास मागे पडतो. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

देणगीचा काळ आणि तिचा अर्थ

मेणवलीची जमीन नानांना १७६८ साली मिळाली. ती देणारे होते औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री. नानांनी तेथे गाव वसविले, स्वतःसाठी वाडा बांधला, नदीवर घाट बांधला आणि विष्णू व मेणेश्वर यांची देवालये उभारली.

हा वाडा म्हणजे नानांच्या सर्वाधिकाराचे फळ होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कालक्रम मात्र वेगळे सांगतो. १७६८ साली थोरले माधवराव पेशवे हयात होते आणि नानांचे वय अवघे सव्वीस होते. बारभाईंच्या कारस्थानातून नाना राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी आले ते १७७४ मध्ये. म्हणजे मेणवलीचा पाया नानांच्या उत्कर्षापूर्वीचा आहे. देणगी देणारे प्रतिनिधी व मंत्री हे दोघेही छत्रपतींच्या दरबारातील परंपरागत पदांचे धनी होते. अशा घराण्यांनी पेशव्यांच्या पदरी असलेल्या एका तरुण फडणिसाला जमीन द्यावी, ही घटना सातारा दरबाराकडून पुण्याच्या फडाकडे सरकलेल्या सत्तेची निदर्शक आहे. नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्यातच झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवहाराला आणखी एक पदर प्राप्त होतो. मेणवलीचा वास्तू-इतिहास पायाच्या दगडापासून सुरू न करता या देणगीपासून सुरू केला पाहिजे.

रचनेचा विचार

युरोपातील उमरावांच्या ग्रामीण प्रासादांशी आपल्या वाड्यांची तुलना अनेकदा केली जाते. फ्रान्समधील लवार नदीकाठचे प्रासाद दुरून पाहण्यासाठी रचलेले असतात. दर्शनी भाग, समोरील उद्यान आणि पाण्यातील प्रतिबिंब ही त्यांची भाषा असते. या निकषाने मेणवलीकडे पाहणाऱ्याची निराशा होईल. येथे बाहेरून दिसतात त्या उंच भिंती. वास्तूचे खरे दर्शन घडते ते आत, एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना. देवडी, ओसरी, सोपा, माजघर हा वाड्याचा क्रम येणाऱ्याचा दर्जा ठरवीत असतो. कोणाला कोठवर प्रवेश आहे, हे चौकच सांगतात. त्यामुळे चौकांची केवळ संख्या नोंदवून वास्तूचे वर्णन पूर्ण होत नाही. चौकांची परस्परांशी असलेली जोडणी हाच येथील रचनेचा गाभा आहे.

ही जोडणी नदीपाशी पूर्ण होते. वाड्याची मागची बाजू घाटाकडे उघडते. घरातील खासगी जीवन, स्नानसंध्या व देवदर्शन आणि गावाचा सार्वजनिक व्यवहार हे सारे घाटावर एकत्र येतात. घाटावरील प्रसिद्ध घंटा वसईच्या १७३९ च्या विजयातील मानली जाते. मेरी व बाल येशू यांची आकृती असलेली ही पोर्तुगीज घंटा शिवालयाच्या परिसरात टांगली गेली, तेव्हा नानांच्या जन्माआधीचा एक विजय या गावच्या नित्य व्यवहारात सामील झाला.

१८८५ च्या सातारा गॅझेटिअरने स्थळनिहाय नोंदींची उपयुक्त पद्धत रूढ केली. परंतु अशा नोंदींत वाडा, घाट व देऊळ या यादीतील सुट्या बाबी होतात. म. श्री. माटे यांच्या १९५९ च्या ग्रंथाने मराठा वास्तुकलेच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली, हे निर्विवाद आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे गाव, वाडा, घाट व देवालय यांचा एकसंध रचना म्हणून विचार करणे. युनेस्कोने २००० साली लवारचे खोरे जागतिक वारसा यादीत घेतले, ते सुटे प्रासाद मोजून नव्हे. सांस्कृतिक भूदृश्य म्हणून घेतले. तुलनाच करावयाची तर ती या दृष्टिकोनाची करावी.

सांगलीचा प्रतिदाखला

कृष्णेच्याच काठी, पुष्कळ खाली, सांगलीचा गणेशदुर्ग आहे. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून विभक्त झाले आणि १८०१ मध्ये त्यांनी सांगली ही आपली राजधानी केली. त्यांना नव्या संस्थानाची प्रतिष्ठा सिद्ध करावयाची होती. त्यामुळे त्यांचे निवासस्थान दुर्गाच्या रूपाने उभे राहिले आणि त्यांच्या आराध्याचे, गणपतीचे, मंदिर शहराची ओळख बनले. नाना कोणत्याही संस्थानाचे अधिपती नव्हते. त्यांचे सामर्थ्य हिशेब, पत्रव्यवहार व माहिती यांत होते. एकाच नदीच्या दोन काठांवर तलवारीची व लेखणीची सत्ता अशी वेगवेगळी वास्तुरूपे घेते. दोन्ही जिल्ह्यांचा अभ्यास वेगवेगळा झाल्यामुळे हा फरक दुर्लक्षित राहिला आहे.

दप्तराचा प्रश्न

येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. लेखणीच्या सत्तेची वास्तू तिच्या कागदांवाचून वाचता येत नाही. नानांच्या संग्रहातील कागद, म्हणजेच मेणवली दप्तर, द. ब. पारसनीस यांनी उजेडात आणले. त्यांचा संग्रह साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात होता व १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला. कागद सुरक्षित राहिले, ही मोठीच उपलब्धी होय. पण वाडा मेणवलीत आणि दप्तर पुण्यात, अशी ताटातूट झाली. इतिहासकारांनी दप्तरातून राजकारण काढले. लाकूड, चुना, सुतार, गवंडी, मजुरी यांच्या नोंदी शोधण्याच्या हेतूने हे रुमाल क्वचितच पाहिले गेले.

मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. नानांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. कागदांच्या जवळ राहून एक शाळाशिक्षक केवढे कार्य करू शकतो, याचा हा वस्तुपाठ आहे. परंतु त्यांच्याही लेखनात सरदार दिसतात; त्यांची घरे दिसत नाहीत. हा दोष एका व्यक्तीचा नसून त्या पिढीच्या इतिहासदृष्टीचा आहे. आज शंभर वर्षांनंतरही ती दृष्टी बदलू नये, हे मात्र समर्थनीय नाही.

समारोप

पेशवाईतील अनेक वाडे कालौघात नष्ट झाले. मेणवलीचा वाडा टिकला, यात नानांच्या पत्नी जिऊबाई यांच्याकडे तो पुन्हा आल्याचा आणि पुढे वंशजांनी तो सांभाळल्याचा वाटा मोठा आहे. परंतु लाकूड व भित्तिचित्रे यांना आयुष्याची मर्यादा असते. मापांसह आराखडे, चित्रांचे दस्तऐवजीकरण आणि दप्तरातील बांधकामविषयक नोंदींचा शोध ही तीन कामे एकत्र व्हावयास हवीत. त्यासाठी इतिहास, मराठी, भूगोल व रसायनशास्त्र या विभागांचे सहकार्य आणि मोडी वाचू शकणारे विद्यार्थी आवश्यक आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांना हे कार्य आवाक्याबाहेरचे नाही. वाडा उभा असताना त्याचे वाचन झाले, तर आराखडा व कागद एकमेकांशी पडताळता येतील. तो पडल्यानंतर हाती उरतील ते केवळ रुमाल. आणि ते कोणत्या चौकाविषयी बोलत आहेत, हे सांगणारे कोणी उरणार नाही.