किल्ला कुणाचा?

ठाणे-डोंबिवलीच्या सोसायट्यांत मुले दिवाळीचा किल्ला मातीचा करतात. त्याला खाते लागत नाही. माइनक्राफ्टमधल्या किल्ल्याला लागते. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजांग कंपनी २.५ अब्ज डॉलरना घेतली. खेळ एक, आवृत्त्या दोन. ‘जावा’ संगणकावरची, खेळाडूंनी स्वतः मॉड लिहून वाढवलेली. ‘बेडरॉक’ मोबाइलवरही चालणारी, २०१७ पासून आतच बाजारपेठ असलेली. आपल्याकडे मुलांच्या हाती मोबाइल असल्याने भविष्य बेडरॉकचे, हे उघड आहे. पण सप्टेंबर २०२३ मध्ये खाते बदलण्याची मुदत संपली आणि मागे राहिलेल्यांचा विकत घेतलेला जावाही गेला. म्हणजे मालकी दोन्हीकडे कंपनीचीच. तरीही जावातली मॉडची मोकळीक टिकायला हवी. एरवी बांधणारे मूल नुसते गिऱ्हाईक उरेल.