फेर्बमोबील : एका संयुक्त संशोधनाचे परीक्षण

कंपन्या आणि संशोधनसंस्था ह्यांनी मिळून हाती घेतलेल्या प्रकल्पांना सार्वजनिक द्रव्यसाहाय्य द्यावे, हे तत्त्व आता बहुतेक देशांत मान्य झालेले आहे. अशा साहाय्याचे फलित कशावरून ठरवावयाचे, ह्याची चर्चा मात्र बहुधा अर्थशास्त्राच्या आणि प्रशासनाच्या परिभाषेतच होत राहते. ज्या विद्याशाखेत ते काम प्रत्यक्ष झाले तिच्या अंगाने त्याची छाननी क्वचितच केली जाते. भाषाविज्ञानाच्या वाट्याला ह्या जातीचे जे थोडे मोठे प्रकल्प आले, त्यांत जर्मनीतील 'फेर्बमोबील' हा प्रमुख होय. १९९३ ते २००० अशी आठ वर्षे तो चालला. त्याचा समग्र वृत्तान्त व्होल्फगांग वाल्स्टर ह्यांच्या संपादनाखाली २००० साली बर्लिनच्या श्प्रिंगर प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सहाशेहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ एकाच वेळी शास्त्रीय प्रबंधांचा संग्रह आहे आणि द्रव्य देणाऱ्या शासनापुढे ठेवलेला हिशेबही आहे. ह्या दोन भूमिकांतील ताण त्याच्या पानोपानी जाणवतो.

प्रकल्पाचे उद्दिष्ट ऐकावयास सोपे होते. एक माणूस जर्मन भाषेत बोलेल, यंत्र ते ऐकून इंग्रजीत किंवा जपानीत बोलून दाखवील, आणि उलट दिशेनेही तसेच होईल. बोलणे वाचून दाखविल्यासारखे नीटनेटके नसून रोजच्या व्यवहारातले असेल, म्हणजे अडखळत, स्वतःला दुरुस्त करीत, मध्येच वाक्य सोडून देत चाललेले. विषय मात्र आखून दिलेले होते : भेटीची वेळ ठरविणे, प्रवासाची आखणी, आणि पुढे संगणकाची दूरस्थ दुरुस्ती. अखेरच्या यंत्रणेचा शब्दसंग्रह जर्मन-इंग्रजीसाठी सुमारे १०,००० शब्दांचा होता. ह्या कामासाठी जर्मनीच्या संघीय संशोधन मंत्रालयाने सुमारे ११ कोटी ६० लाख मार्क दिले. कंपन्यांनी घातलेली भर ह्या रकमेच्या निम्म्याहून कमी होती. सीमेन्स, डायम्लर, फिलिप्स ह्यांसारख्या कंपन्या एका बाजूस व अनेक विद्यापीठे दुसऱ्या बाजूस होती, आणि त्यांच्या मध्यभागी झारब्र्युकेन व कायझर्सलाउटर्न येथील जर्मन कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र होते. १९८८ साली स्थापन झालेले हे केंद्र स्वतःच शासन आणि उद्योग ह्यांच्या भागीदारीतून उभे राहिलेले आहे.

जर्मनीत अशा प्रकल्पांना 'संयुक्त प्रकल्प' हीच अधिकृत संज्ञा आहे. त्यांचा सर्वसाधारण नियम असा की, विद्यापीठाचा खर्च शासन पूर्णपणे उचलते आणि कंपनीचा अर्ध्यापर्यंत. उरलेला अर्धा कंपनीने स्वतः सोसावयाचा. म्हणजे तिला ह्या कामात खरोखर स्वारस्य आहे, हे तिच्या पैशानेच सिद्ध व्हावे, अशी ही योजना आहे. युक्तिवाद बिनतोड वाटतो; पण कंपनीचे स्वारस्य कशात आहे, हे त्यावरून कळत नाही. फेर्बमोबीलमधील मोठ्या कंपन्यांचा मुख्य ओढा भाषांतराकडे नव्हता. त्यांना उच्चारित शब्द ओळखणारी यंत्रणा हवी होती, कारण दूरध्वनीवरील चौकशी, मोटारीतील आज्ञा आणि श्रुतलेखन ह्यांसाठी तिला बाजारात मागणी होती. भाषांतर हे शासनाचे स्वप्न होते आणि भाषाशास्त्रज्ञांचे काम. एकाच करारावर सही करणाऱ्यांची उद्दिष्टे अशी निरनिराळी असली, तर शेवटी यशाची मोजणी कोणाच्या मापाने करावयाची? ग्रंथाने ह्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. उपउत्पादनांची व नव्याने निघालेल्या लहान कंपन्यांची नोंद तेवढी त्यात केलेली आहे. ती खोटी नाही. पण 'यंत्राने दुभाष्याचे काम करावे' ह्या मूळ प्रतिज्ञेशी तिचा संबंध दूरचा आहे. बाजारात 'फेर्बमोबील' नावाचे यंत्र कधीच आले नाही.

अखेरच्या चाचणीत सुमारे ८० टक्के भाषांतरे 'जवळपास बरोबर' ठरली आणि ९० टक्के संवादांत ठरविलेले काम पार पडले, असे ग्रंथात सांगितलेले आहे. हे आकडे वाचताना भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबणे इष्ट आहे. बोलणाऱ्याचा हेतू पोहोचला म्हणजे भाषांतर 'जवळपास बरोबर' समजावयाचे, अशी ही कसोटी आहे. व्यवहारात ती योग्यही म्हणता येईल. परंतु भेटीची वेळ ठरविण्याच्या संवादात सगळा अर्थ एखाद्या तारखेत किंवा वारात एकवटलेला असतो. इतर सर्व शब्द नीट उतरले आणि मंगळवारचा बुधवार झाला, तर त्या भाषांतराला 'जवळपास' हे विशेषण लावण्यात काय हशील? शिवाय विषयाच्या मर्यादा जितक्या आवळाव्या तितके आकडे वर जातात. शासनापुढे जाणाऱ्या हिशेबात हे आवळणे सहसा ठळकपणे सांगितले जात नाही.

तथापि केवळ एवढ्यावरून प्रकल्पाला बोल लावणे अन्यायाचे होईल. भाषाविज्ञानाला त्याने जे दिले ते लहान नाही. स्वराघात व सुरावट ह्यांचा उपयोग विश्लेषणाच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर करून घेणारी ही पहिली मोठी यंत्रणा होय. तिच्या अभ्यासकांनी वापरलेले एक उदाहरण बोलके आहे. 'वीर हाबेन नोख आइनेन टेर्मीन' ह्या जर्मन वाक्यात आघात 'नोख' वर पडला तर 'आपली आणखी एक भेट ठरलेली आहे' असा अर्थ होतो; 'टेर्मीन' वर पडला तर 'आपली एक भेट अद्याप बाकी आहे' असा होतो. लेखनात दोहोंत काहीच फरक नाही. मराठी वाचकाला हे समजावयास जर्मन यावयास नको. 'अजून एक बैठक आहे' हे वाक्य 'अजून' वर जोर देऊन आणि मग 'बैठक' वर जोर देऊन उच्चारून पाहावे, म्हणजे पुरे. ही द्व्यर्थता मराठी व्याकरणग्रंथांनी फारशी मनावर घेतली नाही, कारण ते ग्रंथ प्राधान्याने लिखित भाषेचे आहेत. जर्मन भाषाविज्ञानाला ती मनावर घेणे भाग पडले, ते यंत्राला ऐकावयास शिकवावयाचे होते म्हणून. उपयोजित कामाचा दबाव मूलभूत अभ्यासाला हानिकारक असतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

आता प्रकल्पाच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे. यंत्रणेत भाषांतराचे एकच तंत्र नव्हते. पाच निरनिराळी तंत्रे शेजारीशेजारी चालत. अर्थविश्लेषण करून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत संक्रमण घडविणारे एक; संवादातील कृती ओळखून साचेबंद वाक्य देणारे दुसरे; पूर्वीच्या उदाहरणांवर चालणारे तिसरे; वाक्यखंड जुळविणारे चौथे; आणि केवळ संख्याशास्त्रावर आधारलेले पाचवे. प्रत्येक वाक्यासाठी ह्यांची उत्तरे जमवून त्यांतून एक निवडावयाचे. ग्रंथात ह्या रचनेचे समर्थन शास्त्रीय भूमिकेवरून केलेले आहे : एक तंत्र चुकले तर दुसरे सावरून घेईल. ते समर्थन मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, ह्या रचनेत संयुक्त प्रकल्पाचे सामाजिक शास्त्रही दडलेले आहे. प्रत्येक भागीदाराला आपले दालन राखावयाचे असते आणि शासकीय अनुदानाच्या मध्यावर कोणा एकाला 'तुमचे तंत्र आता पुरे' असे सांगणे कोणत्याही संयोजकाला जड जाते. पंगतीला बसलेल्याला उठविण्याची आपल्याकडेही रीत नाही.

पण ह्याच संकोचातून एक अनपेक्षित लाभ झाला. पाचही तंत्रे एकाच सामग्रीवर, एकाच वेळी चालली, त्यामुळे त्यांची तुलना करता आली. अशी तुलना एरवी कोणी मुद्दाम घडवून आणली असती असे वाटत नाही. निकाल भाषाशास्त्रज्ञांना रुचण्याजोगा नव्हता. आखेन येथील हेर्मान नाय ह्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, संख्याशास्त्रीय तंत्राची सुमारे २९ टक्के वाक्ये चुकली. अर्थविश्लेषणाच्या तंत्राची निम्म्याहून अधिक. वर्षानुवर्षे घडविलेली व्याकरणे, अर्थनिरूपणाच्या सूक्ष्म पद्धती, ह्या सर्वांना भाषेविषयी काहीच न जाणणाऱ्या एका गणिती यंत्राने मागे टाकले. आकडे स्वतः विजेत्या गटाने दिलेले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे; पुढील दहा वर्षांचा इतिहास मात्र त्यांच्याच बाजूने गेला.

ह्या तंत्राचा प्रवास पाहिला म्हणजे सार्वजनिक द्रव्याचा खरा प्रश्न समोर उभा राहतो. संख्याशास्त्रीय भाषांतराची आधुनिक मांडणी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. तिचा मुख्य प्रबंध १९९३ साली छापून आला, आणि त्याच वर्षी त्या गटातील दोन प्रमुख संशोधक, पीटर ब्राउन व रॉबर्ट मर्सर, भाषा सोडून वित्तव्यवसायात गेले. कंपनीच्या हातून सुटलेला तो धागा आखेनच्या विद्यापीठात उचलला गेला. नाय हे स्वतः फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतून १९९३ मध्येच विद्यापीठात आलेले होते. जर्मन शासनाच्या अनुदानाने त्यांच्या गटाला संवादांची सामग्री मिळाली आणि काही वर्षांचे स्थैर्य मिळाले. नंतर १९६६च्या अल्पॅक अहवालाची आठवण व्हावी असे घडले. तेव्हा अमेरिकेने यंत्रभाषांतरावरील खर्च आखडता घेतला होता, आता त्याच अमेरिकेने हात पुढे केला. आखेनमध्ये नाय ह्यांच्यापाशी २००२ साली डॉक्टरेट मिळविलेले फ्रांझ ओख प्रथम कॅलिफोर्नियातील विद्यापीठसंस्थेत व २००४ साली गूगलमध्ये गेले. २००६ पासून त्या कंपनीची स्वतःची संख्याशास्त्रीय भाषांतरसेवा सुरू झाली, तिची धुरा त्यांच्याकडे होती. फेर्बमोबीलची व्यवहार्यता तपासण्यासाठी जर्मन मंत्रालयाने प्रारंभी जे विद्वान नेमले होते, त्यांपैकी पीटर नॉर्विग हेही पुढे गूगलमध्येच गेले, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.

जर्मनीने पेरले आणि अमेरिकेतील एका कंपनीने कापले, असा निष्कर्ष ह्यावरून काढला जातो. तो अर्धवट आहे. भागीदार कंपन्यांपाशी तेच ज्ञान, तीच माणसे, तोच आकड्यांचा पुरावा होता. त्यांनी त्याचा उपयोग केला नाही, ह्याचे कारण अनुदानाच्या रकमेत शोधण्यापेक्षा त्यांच्या मूळ स्वारस्यात शोधले पाहिजे. ते भाषांतरात नव्हतेच. शिवाय संख्याशास्त्रीय तंत्राला अफाट मजकूर लागतो आणि तो महाजालाचा सारा मजकूर गोळा करणाऱ्या कंपनीपाशी होता, वाहने व विद्युत्‌यंत्रे बनविणाऱ्यांपाशी नव्हता. भागीदार निवडताना १९९३ साली हे दिसणे शक्य नव्हते. शासनाचा दोष काढावयाचाच तर तो नंतरचा आहे. २००० साली प्रकल्प संपला आणि त्यातून निघालेल्या सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षाचा पाठपुरावा करण्याची जबाबदारी कोणावरच सोपविलेली नव्हती. प्रतिज्ञेतील यंत्र तयार झाले किंवा नाही, एवढेच तपासण्याची व्यवस्था होती. प्रतिज्ञेत नसलेले जे सापडले, त्याच्यासाठी रकाना नव्हता.

भारतात ह्या क्षेत्रातील सार्वजनिक खर्चाची घडण वेगळी आहे. भारतीय भाषांसाठी तंत्रविकासाचा केंद्रशासनाचा कार्यक्रम १९९१ साली सुरू झाला. त्यातून पुढे जे संघप्रकल्प निघाले, त्यांत 'संपर्क' ही मराठी-हिंदीसह अनेक भाषाजोड्यांची भाषांतरयंत्रणा येते. त्यांतील भागीदार प्रामुख्याने शिक्षणसंस्था आणि पुण्याच्या सी-डॅकसारख्या शासकीय संस्था होत्या. कंपन्या जवळजवळ नव्हत्या. उलट २००० साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जी नवसहस्रक तंत्रनेतृत्व योजना काढली तीत कंपन्यांना अल्प व्याजाचे कर्ज व संस्थांना अनुदान अशी विभागणी होती. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन-विकास योजनेतही खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे साहाय्य हाच मुख्य मार्ग आहे. कर्ज घेणारा परतफेडीचा विचार करणार, आणि परतफेड होते ती ठरविलेल्या वस्तूच्या विक्रीतून. फेर्बमोबीलमध्ये जे हाती आले ते अशा वाटेने आले असते काय, ह्याची शंका घेण्यास पुरेशी जागा आहे. अर्थविश्लेषणाच्या शाखेला तर कोणत्याच सावकाराने उभे केले नसते. आणि तिच्यातूनच स्टॅनफर्ड येथील इंग्रजीचे विस्तृत संगणकीय व्याकरण बळावले, जे आजही कोणालाही विनामूल्य मिळते.

मराठीच्या बाबतीत एक तपशील नोंदवावयास हवा. दोन भाषांतील शब्दांची जुळणी करणारे 'गिझा++' हे साधन ओख ह्यांनी रचले. त्याच्या मागील पद्धतींची पारख आखेनच्या गटाने फेर्बमोबीलच्या संवादांवरही केलेली होती. ते साधन सर्वांना मुक्तपणे वापरावयास दिले गेले. अकरा भाषांतील एकशेदहा जोड्यांसाठी मुंबईच्या आयआयटीने २०१४ साली जाहीर केलेली 'शत-अनुवादक' ही संख्याशास्त्रीय यंत्रणा ह्याच मुक्त साधनांच्या परंपरेतील आहे, आणि मराठी त्या अकरांपैकी एक आहे. तथापि आखेनच्या सामग्रीत सुरावटीच्या खुणांसह नोंदविलेले बोललेले संवाद होते. मराठीसाठी वापरली गेलेली सामग्री लिखित वाक्यांची होती. त्यामुळे 'अजून एक बैठक आहे' ह्या वाक्यातील दोन अर्थ वेगळे काढण्याची सोय तिच्यात नव्हती.