शेक्सपिअर सर्वांना, लिली कुणाला?

इंग्लंड-अमेरिकेत शेक्सपिअर बसवणाऱ्या हौशी मंडळींना तोटा नाही. गावोगावचे नाट्यसंघ आहेत, शाळांचे महोत्सव आहेत, सुट्टीतली शिबिरं आहेत. मुलं मोठ्या संख्येने रंगमंचावर येतात आणि त्याबद्दल सगळीकडे कौतुकच होतं. या कौतुकात दोन प्रश्न मात्र बाजूला पडतात. या मुलांच्या हाती नाटक नेमकं किती पडतं? आणि रेनेसान्स काळातली इंग्रजी रंगभूमी म्हणजे एकटा शेक्सपिअर, हा समज या खटाटोपातून मोडतो की आणखी पक्का होतो?

हौशीपणा म्हणजे कामचलाऊपणा नव्हे, हे नॉरिच शहराने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. शेक्सपिअर एलिझाबेथकालीन पद्धतीने सादर करण्याचा आग्रह धरणाऱ्या विल्यम पोएल यांच्या विचारांतून घडलेल्या न्यूजेंट मंक यांनी १९२१ साली तिथल्या एका जुन्या कॅथलिक चॅपलचं एलिझाबेथकालीन धर्तीचं नाट्यगृह केलं. तेच मॅडरमार्केट. नेपथ्य जुजबी. प्रवेशामागून प्रवेश न थांबता यायचा. नट गावातलेच आणि बिनपगारी. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं छापायची नाहीत, हा दंडक. अशा संचाकडून मंक यांनी १९३३ पर्यंत शेक्सपिअरची सगळी नाटकं करून घेतली. ‘हौशी’ हा शब्द सवलत मागण्यासाठी वापरणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा.

आजचं चित्र निराळं आहे. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या शाळांच्या शेक्सपिअर महोत्सवात एका संध्याकाळी तीन-चार शाळा अर्ध्या-अर्ध्या तासाची नाटकं करतात. या छोट्या संहितांचं मूळ १९९२च्या शेक्सपिअर-अ‍ॅनिमेशन मालिकेत आहे. लिऑन गारफील्ड यांनी तिच्यासाठी नाटकं तेवढ्या वेळात बसवली होती. या उपक्रमाचं मोल नाकारता येणार नाही. प्राथमिक शाळेतल्या आणि विशेष मुलांच्या शाळेतल्या मुलांनाही खऱ्याखुऱ्या नाट्यगृहात, खऱ्या प्रकाशयोजनेत उभं राहायला मिळतं. पण अर्ध्या तासात राहतं ते कथानक. मॅकबेथ खून करतो हे कळतं. खून करण्याआधी तो स्वतःशी किती वेळ झगडतो, हे कळायला स्वगताला लागतो तेवढा वेळ द्यावा लागतो. रंगावृत्ती करण्यात गैर काही नाही, पण कात्री चालवण्याआधी मूळ नाटक एकदा सगळ्यांनी मिळून वाचलं का, हे विचारलंच पाहिजे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स या छोट्या गावात टीना पॅकर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ स्थापली. तिचा शरदातला महोत्सव या बाबतीत अधिक पुढचा विचार करतो. आसपासच्या दहाएक माध्यमिक शाळांत कंपनीचे दिग्दर्शक जाऊन तालमी घेतात. प्रयोग साधारण दीड तासाचा होतो आणि शेवटी सगळ्या शाळा कंपनीच्या रंगमंचावर एकत्र येतात. नंबर नाही, करंडक नाही. एका शाळेचा प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात बाकीच्या शाळांची मुलं बसलेली असतात आणि मोकळेपणी दाद देतात. पुरुषोत्तम करंडकाच्या मांडवात ‘आवाज कुणाचा’ ऐकत वाढलेल्या आपल्या नटांना हे कदाचित सपक वाटेल. स्पर्धेने आपल्याकडे ईर्ष्या दिली, तशीच परीक्षकांना काय आवडेल याची धास्तीही दिली. लेनॉक्समध्ये ती धास्ती नाही. तरीही नाटकं शेक्सपिअरचीच.

एकटा शेक्सपिअरच का, या दुसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं ते स्ट्रॅटफर्डच्या एका शाळेने. शेक्सपिअर जिथे शिकला असं मानतात, त्या किंग एडवर्ड शाळेतल्या ‘एडवर्ड्स बॉइज’ या संचाने शिक्षक पेरी मिल्स यांच्या दिग्दर्शनाखाली जॉन लिली, मार्स्टन, मिडलटन या शेक्सपिअरच्याच काळातल्या नाटककारांची नाटकं हाती घेतली. ही नाटकं मुळात मुलांच्याच कंपन्यांसाठी लिहिलेली होती आणि एरवी ती विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातच पडून असतात. लिलीचं ‘गॅलाटिया’ घ्या. समुद्रदेवाला बळी जाऊ नये म्हणून दोन बाप आपापल्या मुलीला मुलाच्या वेषात रानात धाडतात. दोघी भेटतात, प्रेमात पडतात आणि समोरचा मुलगा खरंच मुलगा आहे ना, अशी शंका दोघींनाही येते. एकीचं वाक्य दुसरी जवळपास तसंच परतवते. कागदावर हे कृत्रिम वाटतं. पण मुलींची सोंगं घेतलेली मुलं पुन्हा मुलांची सोंगं घेऊन ते बोलू लागली, की त्या काटेकोर वाक्यांत लपवाछपवीचा खेळ दिसतो. लिलीची भाषा अशाच तोंडांसाठी बेतलेली होती, हे टिपांनी भरलेल्या आवृत्तीपेक्षा प्रयोगात लवकर पटतं.

मुलांच्या कंपन्यांच्या या परंपरेला काळी बाजूही आहे. १६०० सालच्या डिसेंबरात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स इथल्या मुलांच्या कंपनीने शाळेला निघालेला तेरा वर्षांचा टॉमस क्लिफ्टन उचलून नेला, हातात पाठांतराचे कागद दिले आणि फटक्यांची भीती घातली. बापाने तक्रार केली म्हणून प्रकरण कागदोपत्री उरलं. आपल्या नाटक मंडळ्यांतही मिसरूड फुटण्याआधी पोरं दाखल होत आणि त्यांच्या स्त्रीपार्टांवर कंपन्यांचे गल्ले भरत. मुलांच्या अभिनयाचं गुणगान करताना हा व्यवहार झाकू नये. एडवर्ड्स बॉइजचीही मर्यादा उघड आहे. ती निवडक प्रवेश देणारी, प्रामुख्याने मुलग्यांची शाळा आहे. तिचं यश साऱ्या समाजाचं यश ठरत नाही.

इंग्लंडमध्ये २०१० पासून शाळांची कामगिरी ज्या प्रमुख विषयसंचावर जोखली जाऊ लागली, त्यात नाट्यकलेला जागा नव्हती. शाळेतलं नाटक अभ्यासेतर वेळेत ढकललं गेलं आणि समाजरंगभूमीवरचा भार वाढला. मग देणगीदारांपुढे जाताना मंडळी मुलांचा आत्मविश्वास, संघभावना, संवादकौशल्य यांचे अहवाल मांडू लागली. आत्मविश्वास वाढतोच, पण तो वादसभेतही वाढतो आणि फुटबॉलच्या मैदानावरही. नाटक काय वेगळं देतं, हे सांगायची जबाबदारी नाटकवाल्यांची आहे. दुसऱ्या काळातल्या माणसाचं अवघड वाक्य आपल्या श्वासात बसवणं आणि त्याचा हेतू शोधणं हे ते वेगळेपण. ते सोप्या केलेल्या संहितेत हाती लागत नाही.

म्हणून अशा संचांचं मोजमाप किती मुलं आली यावर न थांबता, त्यांच्यापुढे काय ठेवलं यावर व्हायला हवं. तीन ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ झाल्यावर एक लिली, एक मिडलटन करून पाहावा. तिकीटबारीवर फटका बसेल, प्रेक्षकांना नाव ओळखीचं नसेल. पण तोटा सोसण्याची थोडीफार मोकळीक ज्यांना आहे, ते हौशीच आहेत. बिनपगारी काम करूनही धंदेवाईक निवड करायची असेल, तर हौशी राहण्यात फायदा तो काय?