‘दिव्यांगांनी केलं कळसूबाई सर’ : ही बातमी संशोधकाने कशी वाचावी?

मागच्या वेळी आपण साहित्याचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. आज एका बातमीची चिकित्सा करू, कारण माझा पहिला सिनॉप्सिस याच बातमीच्या नादाने फसला होता.

गेल्या काही वर्षांत डिसेंबरअखेर ही बातमी हमखास वाचायला मिळते. राज्यभरातली दिव्यांग मंडळी आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) अकोले तालुक्यात, बारी गावात जमतात आणि कळसूबाई चढतात. १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. मथळ्यात ‘जिद्द’ असते, मजकुरात ‘अपंगत्वावर मात’ आणि शेवटी ‘धडधाकटांनाही लाजवेल’ असं काहीतरी. सोबत माथ्यावरच्या देवळापाशी काढलेला फोटो.

बातमी खोटी नसते. चढणाऱ्यांचा आनंद खरा असतो आणि नेणाऱ्यांची मेहनतही. आक्षेप आहे तो बातमी काय वगळते यावर.

पहिली गोष्ट, नमुना. बातमीत फक्त माथ्यावर पोचलेले दिसतात. निम्म्यातून परतलेले, नाव देऊनही घरच्यांनी न सोडलेले, घरातून बाहेरच न पडू शकणारे कुठं आहेत? यशस्वी लोकच तपासले तर ‘जिद्द असली की जमतं’ हाच निष्कर्ष निघणार, कारण जिद्द असूनही न जमलेला माणूस आपण विचारातच घेतला नाही. शिवाय ‘दिव्यांग’ हा एक गट नव्हे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अंध व्यक्तीची चढण वेगळी, कुबड्यांवरची वेगळी, कर्णबधिर व्यक्तीची आणखी वेगळी.

दुसरी गोष्ट, बातमी कुणासाठी लिहिलीय? ‘धडधाकटांना लाजवेल’ हे वाक्य दिव्यांग वाचकासाठी नाहीच. व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४च्या भाषणात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. इतरांना बरं वाटावं म्हणून दिव्यांगांना वापरण्याला त्यांनी ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असं बोचरं नाव वापरलं.

आता माझी चूक. माझा विषय होता ‘दिव्यांग गिर्यारोहकांची जिद्द : एक अभ्यास’. सरावासाठी म्हणून एका काकांची मुलाखत घेतली. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर. मी विचारलं, “काका, चढताना मनात काय विचार येतात?” ते म्हणाले, “ताई, डोंगराचं सोडा. कुठं बाहेर निघायचं म्हटलं की मी आदल्या रात्रीपासून पाणीच कमी पितो. बैठा संडास असला तर मला उठता येत नाही ना.”

माझ्या प्रश्नावलीतल्या बत्तीस प्रश्नांपैकी एकही पाण्याबद्दल नव्हता. दिवसभराच्या चढाईत कमी पाणी पिणं किती धोक्याचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यालाही ‘जिद्द’ म्हणून नोंदवणार होते!

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘सामाजिक प्रारूप’ वाचलं. अडथळा शरीरात नसून समाजाने केलेल्या रचनेत आहे, हा विचार १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या दिव्यांग चळवळीतून पुढं आला. वाटलं, सुटला प्रश्न. पण डोंगर काही समाजाने बांधलेला नाही. टॉम शेक्सपियर हे स्वतः दिव्यांग असलेले समाजशास्त्रज्ञ हाच आक्षेप घेतात : इमारतीला रॅम्प होईल, पण डोंगर, दलदल, समुद्रकिनारा पूर्ण अडथळामुक्त करता येणार नाही.

आक्षेप वजनदार आहे. पण कळसूबाईवर तो अर्धाच लागू पडतो असं मला वाटतं. कड्याच्या टप्प्यांवर तिथं लोखंडी शिड्या आहेत. त्या कुणासाठी बसवल्या? नवरात्रात देवीला जाणाऱ्यांसाठी, ट्रेकर्ससाठी, म्हणजे दोन्ही पाय धड असलेल्यांसाठीच. शिडी चढून गेलेल्याला कुणी ‘मदतीने चढला’ म्हणत नाही. ती ‘सोय’ असते. तीच गोष्ट दिव्यांगासाठी केली की ती ‘मदत’ होते, नाहीतर ‘डोंगर बिघडवणं’. म्हणजे डोंगर आधीच माणसाने बदललाय. कुणासाठी बदलायचा, एवढंच ठरवायचं राहतं.

आणि प्रत्येक वेळी डोंगरच बदलावा लागतो असंही नाही. फ्रान्समध्ये १९८०च्या दशकात एका पर्वतीय वाटाड्याने स्नायूंच्या आजाराने चालता न येणाऱ्या आपल्या पुतण्यासाठी एकचाकी खुर्ची बनवली, ‘जोएलेट’. पुढून-मागून माणसं धरतात आणि पायवाटेने जाता येतं. डोंगर आहे तसाच राहतो.

कायदाही इथं गप्प नाही. २०१६च्या कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. त्यात मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांतला सहभाग सुकर करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हे एकदा वाचलं की बातमीतली ‘असामान्य कामगिरी’ हक्काची साधी गोष्ट वाटू लागते. बातमीदाराने विचारायला हवं होतं : मग हे वर्षातून एकदाच, तेही स्वयंसेवकांच्या बळावर का होतं?

मी विषय बदलला. आता प्रश्न असा आहे : घराच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंतच्या प्रवासात कोणते अडथळे डोंगराचे आहेत आणि कोणते आपण केलेले? गाईड म्हणाले, “विषय आता कमी आकर्षक झालाय.” हो, झालाय. पण आता त्याचं उत्तर शोधता येतं, आणि उत्तर मिळालं तर कुणीतरी निदान संडास बांधेल.

सरावासाठी एक काम. तुमच्या विषयावरची एक कौतुकाची बातमी घ्या आणि तीन गोष्टी लिहा : बातमीत कोण नाही, ती कुणासाठी लिहिलीय, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला काय विचारलंच नाही. प्रश्नावली त्यानंतर करा. आणि पहिली मुलाखत झाल्यावर ती फाडायची तयारी ठेवा.