चार गुणिले चारच्या बाहेरचा भंडारा

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अहवाल काढला. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. अहवालाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘हवामान बदल आणि भारत : चार गुणिले चार मूल्यमापन’. शेती, पाणी, परिसंस्था-जैवविविधता आणि आरोग्य ही चार क्षेत्रं. हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि ईशान्य भारत हे चार प्रदेश. २०३०च्या दशकात या सोळा चौकटींत काय होईल, याचा हा अंदाज.

ते दशक आता दारात आहे, म्हणून परवा तो अहवाल नीट वाचायला घेतला. आणि कुणीही करेल तेच केलं : आधी आपला जिल्हा शोधला. भंडारा चारपैकी कुठल्याच रकान्यात नाही. तापमान-पावसाचे नकाशे देशभराचे आहेत, पण परिणामांची चर्चा सफरचंदाची आहे, नारळाची आहे. वैनगंगेकाठच्या धानाला रकानाच नाही.

यावरून रुसण्यात अर्थ नाही. देशात असं काम नुकतंच सुरू होत होतं, हवामानाला जास्त संवेदनशील म्हणून हे प्रदेश निवडले होते, आणि अंदाजांतली अनिश्चितता लेखक लपवत नाहीत. त्यांच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण ५० किलोमीटरचा. भंडारा जिल्हा म्हणजे जेमतेम दीड-दोन चौकोन! त्यातून गावाचं भविष्य मागणं अन्यायाचं ठरेल.

माझी तक्रार रकान्यांपेक्षा ओळींबद्दल आहे. प्रत्येक क्षेत्राचं प्रकरण वेगळं आहे आणि एका प्रकरणातलं पाणी दुसऱ्यात फारसं वाहत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवालेही टेबलं वेगळी ठेवतो, पण ती जोडणारी की नसेल तर त्या डेटाचा उपयोग काय?

आमच्याकडचा मामा तलाव घ्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी. जमीनदारी गेल्यावर सरकारकडे आलेले हे तलाव भंडारा-गोंदियात गावोगाव आहेत. त्याच पाण्यावर धान निसवतो, त्याच पाण्यात ढिवरांची मासेमारी सोसायटी बीज सोडते, गुरं तिथेच पाणी पितात, पाळीखालच्या विहिरींना झिरपाही तिथलाच. अहवालाच्या भाषेत हा तलाव शेती, पाणी की जैवविविधता? अहवालात मासे आहेत, पण समुद्रातले, तारली आणि बांगडा. आमचा ढिवर इथेही बाहेरच.

पाऊस उशिरा आला की पऱ्हे वाफ्यातच जून होतात, रोवणी लांबते. मग ऑक्टोबरमध्ये पावसाने पाठ फिरवली की बांध्यांना तलावाचं पाणी लागतंच. शेतकऱ्याला ते आत्ता हवं असतं. ढिवराला मासे वाढेपर्यंत, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तलावात राहायला हवं असतं. पाणी सोडलं की धान वाचतो आणि मासळी जाते. शेतीच्या प्रकरणात याची नोंद ‘उत्पादन टिकलं’ अशी होईल. म्हणजे एका चौकटीतलं यश हे दुसरीतलं नुकसान असू शकतं, आणि नेमकं तेच या तक्त्यात दिसत नाही.

पुराचंही तसंच. २०२०च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. खाली गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले. धान बुडाला, घरं पडली. पाऊस एका राज्यात आणि पूर दुसऱ्या राज्यात. हे कोणत्या प्रदेशाच्या खात्यात मांडायचं?

महाराष्ट्रासाठी ‘टेरी’ने २०१४ मध्ये केलेला अहवाल निदान जिल्ह्यांपर्यंत उतरला. पण तिथे प्रत्येक जिल्ह्याला असुरक्षिततेचा एक निर्देशांक मिळाला. नंदुरबार सगळ्यांत वर, सातारा सगळ्यांत खाली. यादी म्हणून सोय आहे, निधी वाटायला बरी. मात्र चार गुणिले चारने जे वेगळं करून तोडलं, ते इथे एका आकड्यात घोटून टाकलंय. जिल्ह्याची सरासरी काढली की धानवाला आणि ढिवर एकाच आकड्यात जातात, त्यांच्यातला वाद त्यात उरत नाही.

नवं मूल्यमापन कुणी करत असेल, तर त्याने एखादा मामा तलाव निवडावा आणि ऑक्टोबरमध्ये पाळीवर बसावं. पाणी कधी सोडायचं हे तिथे कोण ठरवतं, कोण गप्प बसतं आणि कुणाची मासळी जाते, एवढं आधी लिहून घ्यावं. क्षेत्रं कोणती ते नंतर ठरवता येईल.