विटेचं तोंड आणि भिंतीचं पोट

आपल्या शहराबाहेर पडलं की हल्ली लाल विटांची फार्महाउसं दिसायला लागतात. उतरतं छप्पर, पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या आणि भिंतीवर विटांची नक्षी. ‘इंग्लिश लुक’ म्हणतात त्याला. जवळ जाऊन बघा, पुष्कळदा ती वीट नसते, वरून चिकटवलेली पातळ टाइल असते. नक्कल केली म्हणून माझी तक्रार नाही. नक्कल चुकीच्या गोष्टीची केली, ही तक्रार आहे.

मूळ घर बघू. पूर्व इंग्लंडमध्ये बांधकामाचा चांगला दगड कमी आणि चिकणमाती भरपूर. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने वीट घेतली. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या अनेक घरांवर ‘फ्लेमिश बाँड’ दिसतो. एकाच थरात एक वीट लांबीने, तिच्या शेजारची आडवी. आडव्या विटेचं नुसतं तोंड बाहेर दिसतं, बाकीचं अंग भिंतीत शिरतं. तिला हेडर म्हणतात. ९ इंची भिंतीत हा हेडर आरपार जातो आणि आतली-बाहेरची बाजू एकमेकींना बांधून ठेवतो. आपल्याला जी नक्षी वाटते, ती भिंतीची गाठ आहे. दिखावा तिथेही होताच. पुष्कळ घरांत हा देखणा बाँड फक्त दर्शनी भिंतीला, आणि मागे स्वस्तातलं काम!

आता आपलं घर. मराठवाड्यात काळा पाषाण आणि पांढरी माती. त्यातून माळवदाचं घर आलं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर मातीचा जाड थर. घर किती मोठं, हे खणांत सांगायचं. उन्हाळ्यात आत गारवा. या घराचं कौतुक मीही करतो, पण ते अर्ध्यावर सोडता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसं गेली, त्यातली पुष्कळशी स्वतःच्याच घराखाली. तिथल्या भिंती जाडजूड होत्या. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदरांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला, पदर सुटले, भिंतीचं पोट फुटलं. वर दरवर्षी माती टाकून जड झालेलं माळवद. काही घरांत मात्र लाकडी खांबांनी छत तोलून धरलं. भिंती पडल्या, खण उभे राहिले.

म्हणजे बघा, इंग्रजी शेतघराकडून आपण एकच गोष्ट घ्यायला हवी होती, ती म्हणजे हेडर. आणि आपण घेतलं त्याचं चित्र! टाइलवर हेडरचं तोंड आहे, त्यामागे अंगच नाही. आतली भिंत मजबूत असेलही, नसेलही. टाइल त्याबद्दल काहीच सांगत नाही. माझ्या मते या वास्तूंचा दोष तो आहे. परकेपणा हा दोष नाही.

घर दगडाचं बांधा, विटेचं बांधा, लाल करा नाहीतर पांढरं. पण गवंड्याला, इंजिनिअरला आधी विचारा: ही भिंत आतून कशाने बांधलेली आहे? दर्शनी भागाबद्दल नंतर बोलू.